मामांची बिनकाचेची गाडी

मी आज जो काही आहे तो आमच्या काचवाल्या मामांमुळे आहे, आणि हे मी सत्काराच्या भाषणात म्हणतात तसं म्हणत नाही. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला माणूस. मला तिथवर ढकलत नेणारे मामा मात्र सातवीत शाळेला रामराम करून गाड्यांच्या काचा बसवण्याच्या धंद्यात पडलेले. दौंडपासून शिरूरपर्यंतच्या रस्त्यावर फुटलेली अशी एकही काच नसेल, जिची मामांशी जातीनं ओळख झाली नाही. ट्रकची पुढची, जीपची बाजूची, वऱ्हाडाच्या टेंपोची मागची, सगळ्या शेवटी त्यांच्या दुकानात यायच्या. आणि अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात औषधालासुद्धा काच नव्हती. हलवाई पेढा खात नाही हे मी ऐकलं होतं, पण पेढ्याला घरातच घेत नाही असा हलवाई मी मामांच्या रूपानं पहिल्यांदा पाहिला. त्यांच्याकडे चहा स्टीलच्या पेल्यातून मिळे. खिडक्यांना पत्र्याची झडपं होती. ती लावली की भर दुपारी दिवा लावून भाजी निवडावी लागे. दाढी ते स्टीलच्या ताटात बघून करत, त्यामुळे त्यांच्या मिशीचं एक टोक कायम दुसऱ्यापेक्षा उत्साही दिसे. कुणी कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असे : "काच जड असती." चहाचा ग्लास जड, आरसा जड, देवांच्या तसबिरी जड. बाळकृष्ण तर मामांनी तसबिरीतून काढून नुसता भिंतीला डकवला होता. फक्त एका ठिकाणी त्यांचं चाललं नाही. एकदा ते मामींच्या बांगड्यांकडे बघत म्हणाले, "हे बी वझंच हाय की हाताला." मामी भाकरी थापता थापता थांबल्या नाहीत. "अहो, ह्या काचा तुमच्या जिवासाठी घातल्यात. काढू का?" मामांनी पुढची भाकरी मागितली.

माझं गाव मांडवगण फराटा. दहावीला बरे मार्क पडले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एका ओळखीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून चिकटवायचं ठरवलं होतं. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या भावकीत तोवर ट्रॅक्टरची किल्ली हीच सर्वांत मोठी पदवी होती. मामा रविवारी जेवायला आले, पोटभर मटण जेवले आणि हात पुसता पुसता म्हणाले, "दाजी, हे पोरगं मी नेतो."

"कुठं?" आबा म्हणाले.

"कॉलेजला."

"आन् परत कवा आणणार?"

"आणणार न्हाई. त्याचं त्यो येईल."

आईनं घाईघाईनं माझी पेटी भरली. तिच्यात गोधडी होती, तांब्या होता, लाडवांचा डबा होता, आणि परमुलखात उपयोगी पडेल म्हणून एक विळीसुद्धा होती. मामांनी ती पेटी अंगणातच उघडली. "शिकाय चाललाय का रुखवत मांडाय?" असं म्हणून त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढली. दोन शर्ट, पुस्तकं आणि लाडू एवढंच घेऊन मी दौंडला आलो. लाडू रस्त्यात मामांनी हलके केले.

मामांच्या वजनविरोधी चळवळीचा पुढे मला फार जवळून अनुभव आला. त्यांनी स्वतःच्या जीपची मागची सीट काढून टाकली होती, त्यामुळे लग्नाकार्याला मामी पैठणी नेसून पेंडीच्या पोत्यावर बसून जात. जीपच्या मागच्या खिडक्यांना ताडपत्री होती. स्टेपनी त्यांनी दुकानाच्या दारात ठेवली होती आणि गिऱ्हाइकं तिच्यावर बसून वाट बघत. कुरकुंभच्या अलीकडे एकदा जीप पंक्चर झाली तेव्हा आम्ही पोत्यासकट मामींना एका बाभळीखाली बसवलं आणि स्टेपनी आणायला मी दुधाच्या गाडीतून दौंडला आलो. परत गेलो तर मामा मामींना सांगत होते, "बघ, स्टेपनी असती तर तेवढा वेळ आपण निवांत बसलो असतो का?" दुकानात उत्तरेकडचे ट्रक ड्रायव्हर येत. काच फुटली म्हणून ते हवालदिल झालेले असत. मामा आधी त्यांना बसवून पाणी देत आणि आपल्या खास हिंदीत समजूत घालत : "भाईसाब, काच गया ना? मान तो धड पे है ना? मग रडता कायको?" ड्रायव्हरला शब्द कळत नसत, पण तो मानेला हात लावून बघे आणि खरंच गप्प होई.

पदवीसाठी मी पुण्याला वसतिगृहात राहिलो तेव्हा मामांनी एकच अट घातली. फोन करायचा नाही. "माझ्या फोनवर चांगली बातमी येत न्हाई," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यांचा फोन वाजला की कुठेतरी काहीतरी फुटलेलं असे. "चांगलं असलं तर कागदावर लिहून टाक. चांगल्या बातमीला घाई नसती." म्हणून माझ्या खोलीतली मुलं दिवसभर फोनवर बोलत असताना मी टपाल कचेरीत जाऊन आंतरदेशीय पत्रं आणत असे. तिथला कारकून मला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी समजायचा.

रसायनशास्त्राची पदवी मिळाली त्या दिवसापासून मामा मला नावानं हाक मारायचं सोडून "बीएस्सी" म्हणू लागले. माझं प्रमाणपत्र त्यांनी फ्रेम करून दुकानात लावलं. अर्थात काचेऐवजी तिला पॉलिकार्बोनेटचा तुकडा बसवला. शिरूरकडे फुलांच्या शेडवर टाकतात त्या जातीचं हे स्वच्छ पारदर्शक, चिवट प्लॅस्टिक. काचेच्या निम्म्या वजनाचं, आणि हातोडी मारली तर दबेल पण फुटायचं नाही. हे शेवटचं मी पुस्तकातून सांगत नाही. पाहुणे आले की मामा हातोडी काढत आणि सर्वांदेखत माझ्या पदवीवर एक घाव घालत. "बघा, हाय तशी हाय." माझ्या शिक्षणाची इतकी कसून परीक्षा विद्यापीठानंही घेतली नव्हती.

मामांना एकच मुलगी, पिंकी. मामाची मुलगी म्हटल्यावर आमच्याकडे लोक लगेच माझ्याकडे बघून गालात हसतात. पण ती बोलायला लागल्यापासून मला दादा म्हणते आणि मारामारीत माझा एक दात तिनं पाडलेला आहे, त्यामुळे तो विषय दोन्ही घरांत कधी निघाला नाही. काच बसवून झालेल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचवता पोचवता पिंकी गाडी शिकली. इतकी चांगली शिकली की लोक काच धड असतानाही गाडी पाठवून देऊ लागले, घाट उतरताना ब्रेक कसा लागतो ते पिंकीनं सांगावं म्हणून. मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून दौंडला परत आलो होतो, त्या सुमाराची ही गोष्ट. शिरूरच्या काही हौशी पोरांनी माळावर मुरूम अंथरून वळणावळणाचा रस्ता आखला होता आणि जुन्या गाड्यांची शर्यत ठेवली होती. एकेक गाडी एकटीच सोडायची आणि कमी वेळात येईल ती जिंकली. बायकांचा गट वेगळा होता. पिंकीनं जेवताना विषय काढला. मामांच्या दुकानामागे एक छोटी जुनी गाडी मालकानं कधीच सोडून दिलेली पडून होती. तीच घेऊन मी पळणार, असं ती म्हणाली.

"शर्यतीला बैल कमी पडलं का?" मामी म्हणाल्या. "उद्या पाव्हणं बघाय आल्यावर काय सांगू? पोरगी वळणावर हाय?"

मामा भाताचे मुटके करून ताटाच्या कडेला लावत बसले. मग म्हणाले, "काचा काढाव्या लागतील."

"काढतातच, पप्पा," पिंकी उत्साहानं म्हणाली. "रेसच्या गाडीला कुणी काच ठेवत नाही. पॉलिकार्बोनेट बसवतात. वजन कमी होतं ना."

मामांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तेच म्हणतोय मी. वजन."

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं रूपच पालटलं. गिऱ्हाइकं स्टेपनीवर बसून राहिली आणि मामा त्या छोट्या गाडीच्या खिडक्या मोजत राहिले. मापं कापायला त्यांनी निवडणुकीचे जुने फ्लेक्स वापरले, त्यामुळे मागच्या खिडकीच्या मापात एका भावी आमदारांचे जोडलेले हात आले आणि दाराच्या मापात त्यांचं अर्धं हसू. पुढची काच नियमानं काचेचीच ठेवायची होती. ती दोन थरांची असते आणि मध्ये चिकट पडदा असतो. "ही ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले, "ही तडकती, पर जागा सोडत न्हाई. इमानदार हाय." बाकी सगळ्या काचा त्यांनी स्वतः उतरवल्या, पोत्यात घातल्या आणि पोतं दुकानाच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवलं. मग तीन मिलिमीटरची पॉलिकार्बोनेटची पाटी कापून, कडा घासून, रबराच्या चकत्या लावून स्क्रूनं बसवली. भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडली. "उन्हात हे फुगतं, बीएस्सी. त्याला हलाय जागा ठेवावी लागती. आवळून बसवलं की तडकतं." हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण घरात सगळ्यांना आवळून धरणाऱ्या मामांनाच मामींनी "ऐका, ऐका" असं डोळ्यांनी खुणावलं, तेव्हा मला ते नव्यानं कळलं.

गाडी अशी चकचकीत तयार झाली आणि आमच्या भागात जे व्हायचं तेच झालं. नुसत्या पारदर्शक खिडकीची गाडी रस्त्यावर आणणं हे आमच्याकडे कपाळाला काही न लावता लग्नाला जाण्यासारखं समजतात. खिडकी बाहेर बघायला असते असं कुणी मानत नाही. ती नावं टाकायला असते. मामा नात्यातल्या एका मयताला गावाकडे गेले होते तेवढ्यात मामींनी कुलदैवताचं नाव सांगितलं. दूध डेअरीच्या चेअरमननी स्वतःचं सांगितलं आणि त्यापुढे "यांच्या प्रेरणेने" असं लिहायला लावलं. माझ्या आबांनी मांडवगणहून निरोप धाडला की आमच्या गावाचं नाव राहून जाऊ नये. रेडियमची अक्षरं कापणारा मिलिंद हा आमच्याकडचा सर्वांत निःपक्षपाती माणूस. तो सगळ्यांचे जयजयकार सारख्याच मापात कापतो. त्यानं चारी खिडक्या भरून टाकल्या. मामा परत आले तेव्हा पिंकी आत बसली होती आणि तिला प्रेरणेशिवाय काहीच दिसत नव्हतं.

"काढा," मामा म्हणाले. "अक्षराला बी वजन असतं."

मिलिंदनं अक्षरं सोलून काढली, पण त्यांचा चीक खिडक्यांवर राहिला. तेवढ्यात शेजारचे आप्पा शिफ्टवरून आले. आप्पा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ड्रमांची नोंद ठेवतात, आणि त्यामुळे जगातल्या यच्चयावत द्रव पदार्थांवर आपला अधिकार आहे असं ते मानतात. "व्हा बाजूला," असं म्हणून त्यांनी घरून थिनरची बाटली आणली आणि फडक्यानं चारी खिडक्या मन लावून पुसल्या. काचेवरचा चीक थिनरनंच निघतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ही काच नव्हती. मी संध्याकाळी कंपनीतून आलो तर खिडक्यांवर, उकडलेल्या अंड्याला टिचकी मारावी तशा, बारीक बारीक रेषांचं जाळं पसरलेलं होतं आणि स्क्रूभोवती तर ते पांढरं पडलं होतं. आप्पा फडकं घेऊन अजून पुसतच होते.

"आप्पा, थांबा," मी म्हणालो. "थिनरनं हे तडकतं."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय?" आप्पा म्हणाले. "बीएस्सी कशाला झालाय?"

मामांनी खिडकीला नाक लावून पलीकडे पाहिलं. मिलिंदनं मागून विचारलं, "मामा, नुसतं धुकंच धुकं दिसतंय. महाबळेश्वर लिहू का?" मामा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. मला वाटलं होतं की ते आप्पांना चार शब्द ऐकवतील. उलट त्यांच्या चेहऱ्यावर, आयती संधी चालून आलेल्या माणसाचं समाधान होतं. "तीनची पाटी नाजूकच हाय," ते म्हणाले. "आता सहाची टाकू."

मी त्यांना समजावलं की थिनर लावला तर सहाचीही तडकेल, दहाचीही तडकेल. जाडीचा इथं संबंध नाही. शिवाय मूळ काच होती तीन-सव्वातीन मिलिमीटरची. पॉलिकार्बोनेट तिच्या निम्म्या वजनाचं असलं तरी दुप्पट जाड घेतलं तर वाचलं काय? मी कागदावर गणित करून दाखवलं. मामांनी कागद उन्हाला धरून बघितला, जणू त्यातही काही तडा आहे का ते तपासत होते. "अक्षर चांगलं हाय तुझं," ते म्हणाले आणि शिरूरला शेडवाल्याकडे सहाची पाटी आणायला गेले. नव्या पाट्या जड म्हणून त्यांना आतून लोखंडी पट्ट्या द्याव्या लागल्या. पट्ट्या ओढतील म्हणून मोठे बोल्ट आले. दारांच्या आत जाड रबर आलं. वजन कमी करण्याचं हे काम जसजसं पुढे गेलं तसतशी गाडी जमिनीकडे झुकत गेली.

मामांनी सुरुवातीलाच, काचा असताना, एका गुऱ्हाळाच्या काट्यावर गाडीचं वजन करून घेतलं होतं. आता काम संपल्यावर पिंकीनं हट्ट धरला की पुन्हा वजन करायचं, किती कमी झालं ते बघायचं. मामा दोन दिवस टाळत राहिले. शेवटी ती, मामा आणि मी उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत ती चिमुकली गाडी घेऊन उभे राहिलो. पुढे मागे उसाचे डोंगर, मध्ये आम्ही. काटेवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"ऊस कुठाय?"

"ऊस न्हाई. रिकामी मोजायची," मामा म्हणाले.

"मागं बी रिकामीच मोजली की."

"तवा येगळी रिकामी हुती."

पिंकी गाडीतच बसून राहिली. मामा आणि मी चिठ्ठी घ्यायला काट्याच्या खोलीशी गेलो. गाडी जड झाली होती. थोडीथोडकी नव्हे, चांगली एक पोतं सिमेंट घातल्यासारखी. मामा काटेवाल्याला म्हणाले, "काटा बरोबर न्हाई तुमचा." काटा कमी दाखवतो म्हणून त्या खिडकीशी आजवर अनेक भांडणं झाली असतील, पण जास्त दाखवतो म्हणून भांडायला आलेला पहिला माणूस बघून काटेवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. मला मात्र हसू आवरेना. मी म्हणालो, "मामा, मी गणित करून दाखवलं होतं. एवढा खटाटोप करून वजन वाढलंच शेवटी."

मामांनी मला दंडाला धरून उसाच्या ट्रॉलीच्या आडोशाला नेलं.

"बीएस्सी, माझं काम काय हाय रं?"

"काचा बसवणं."

"ते धा मिंटाचं काम. त्याच्या आधीचं कोण करतं? ठोकल्याली गाडी दारात येती. मालक म्हणतो, नवी काच टाका. आन् जुनी कुठं जाती? ती आतच असती. शिटाच्या शिवणीत, म्याटखाली, गियरच्या रबरात. हातानं येचावी लागती. समदी. एकदा मी बारक्या पोराच्या चपलंतनं..." ते थांबले. पुढचा ट्रॅक्टर हलला, त्याचा आवाज विरेपर्यंत ते उसाकडे बघत राहिले. "तिच्या शिटातनं मला येचायची न्हाई. वजन गेलं खड्ड्यात."

दहा वर्षं या माणसाच्या घरी मी स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होतो.

"आन् तिला सांगू नको," मामा म्हणाले. "भिऊन गाडी चालवली की माणूस चुकतं."

आम्ही गाडीशी परत आलो. पिंकीनं विचारलं, "किती आलं?"

"कमी आलं," मामा म्हणाले.

"बरंच कमी," मी म्हणालो.

शर्यतीच्या दिवशी शिरूरच्या माळावर धुळीचा लोट उठला होता. तपासणी करणाऱ्या तरुण मुलानं आमच्या खिडकीवर टकटक केलं, मग बुक्की मारली, मग हात झटकत विचारलं, "काका, ही खिडकी आहे की धरणाचा दरवाजा?" मामांनी ते प्रशस्तिपत्र समजून मान लववली. पिंकीची पाळी आली तेव्हा ते रस्त्याकडे पाठ करून पाण्याच्या टँकरमागे जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "तू बघ. मी ऐकतो." आणि खरंच, वळणावर टायर घसरल्याचा आवाज आला की ते डोळे मिटून, पुढचा गियर पडल्याचा आवाज येईपर्यंत श्वास धरून उभे राहत. इंजिनाचा आवाज बंद झाला तेव्हा ते टँकरच्या नळाखाली डोकं धरून आले आणि म्हणाले, "लई ऊन हाय." पिंकी पाच जणींत चौथी आली. पाचवीची गाडी सुरूच झाली नव्हती.

परतताना मामा पुढे चहाला थांबले तेव्हा पिंकी मला हळूच म्हणाली, "दादा, गाडी जड झालीय ना? मला दार लावतानाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"पप्पा एवढे खूश होते. म्हटलं, राहू दे."

चौथी येऊनही ती वळणं कशी घेते हे बघणारं कुणीतरी त्या माळावर होतं. मुलींचा संघ बांधणाऱ्या एका बाईंनी तिला वर्षभर सरावाला बोलावलं आणि पुढच्या हंगामात दक्षिणेतल्या एका मोठ्या शर्यतीसाठी तिची निवड झाली. मामींनी पाहुण्यांना "पोरगी कंपनीच्या कामानं भायेर असती" असं सांगायला सुरुवात केली, आणि शेजारच्या आप्पांनी ती आपल्याच फडक्यानं पुढे आली असं सांगायला. गाडी आता संघाची होती, तयारही तिकडेच झालेली. मामांचा तिच्या एकाही खिडकीला हात लागणार नव्हता. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण निवड झाली त्या महिन्यात ते दुकानात नुसतेच बसून असत. आता वयही झालंय आणि हल्ली काच बसवणारे गाडी घेऊन लोकांच्या दारात जातात, त्यामुळे गिऱ्हाइकही कमी झालंय. ती जुनी छोटी गाडी अजून मागे उभी आहे. कधी कधी तिच्या खिडक्या ते साबणाच्या पाण्यानं, मऊ सुती फडक्यानं पुसतात, आणि मग त्याच जागी उभे राहून आत बघत राहतात.

पिंकी निघायच्या आधी मामा माझ्या खोलीवर आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. "मला काय ते बघवायचं न्हाई," ते म्हणाले. "तू रजा काढ. तिकडं जा. नीट बघून ये. आन् फोन करू नको." मी रजा काढली. चार दिवस मी तिथं होतो, आणि शर्यत संपली त्या संध्याकाळी त्यांना हे पत्र लिहिलं :

तीर्थरूप मामांस,

सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. पिंकीची तब्येत चांगली आहे. इथं भाताबरोबर तीन तऱ्हेची आमटी देतात, ती तिन्ही खाते. मामींना सांगा, भाकरीची आठवण काढते, पण रडत नाही.

गाडी मी आल्या आल्या बघितली. बाजूच्या आणि मागच्या खिडक्या पॉलिकार्बोनेटच्याच आहेत. मी अंगठा दाबून पाहिला. त्यांच्या मेस्त्रीला जाडी विचारली, तर तो चार म्हणाला. मी सहा का नाही असं विचारलं, तेव्हा तो हसला. मी त्याला काही बोललो नाही, कारण त्याचं गणित बरोबर आहे. भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडली आहेत. पुसायला साबणाचं पाणी वापरतात. थिनर मला कुठं दिसला नाही.

आता पुढचं बसून वाचा. पिंकी मामींशी फोनवर बोलली आहे, म्हणजे ती ठीक आहे हे तुम्हाला कळलेलं आहे, ते आधी मनात धरा. शर्यतीत एका वळणावर तिची गाडी कलंडली. एकदा पूर्ण उलटली आणि कुशीवर येऊन राहिली. माणसं धावली, त्यांच्याबरोबर मीही धावलो. पट्टे सोडून ती स्वतः बाहेर आली आणि पहिलं म्हणाली, "दादा, पप्पांना सांगू नको." मी हो म्हणालो. तिला दिलेला शब्द मोडून मी हे लिहितो आहे, कारण तुम्ही मला बघायला पाठवलं होतं.

डॉक्टरांनी तिला तपासलं. डाव्या मनगटाला मुका मार आहे, बाकी काही नाही. पुढची काच तडकली, पण जागेवर राहिली. मागची खिडकी चौकटीतून निघून अख्खीच्या अख्खी बाजूला पडली होती. ती एका माणसानं पाटासारखी उचलून नेली.

गाडी सरळ केल्यावर सगळे तिच्या चाकाकडे बघत होते. मी आत वाकून तिच्या शिटावरून हात फिरवला. शिवणीत बोटं घालून बघितली. पायाजवळची चटई उचलून बघितली. तिचे बूट मागून घेतले आणि उलटे करून झटकले. माती निघाली, मामा. नुसती माती.

ती पुढच्या महिन्यात पुन्हा पळणार म्हणते. तुम्ही नाही म्हणालात तर ऐकेल, असं मला वाटतं. पण तुम्ही नाही म्हणू नये.

आपला,
बीएस्सी